तुमच्या ऑर्किडची शिफ्ट कुठली?

लग्नाच्या स्टेजवर, हॉटेलच्या लॉबीत, बॉसच्या केबिनमध्ये ऑर्किड्स आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण कधी नाक जवळ नेलंय? नेलं असेल तर कळलंच असेल. दादरच्या फूलबाजारात जुड्यांनी मिळणारं जांभळं डेंड्रोबियम असो की गिफ्ट म्हणून येणारं फॅलेनॉप्सिस, दिसायला एकदम हिरॉइन आणि वासाच्या नावानं ठणठणाट! यात बिचाऱ्या फुलाचा दोष नाही. वर्षानुवर्षं निवड झाली ती रंगाची, आकाराची आणि आठवडेच्या आठवडे टिकण्याची. सुगंध कुणी मागितलाच नाही, तो मागे पडला.

एरवी वासाचे ऑर्किड्स ढीगभर आहेत. आइस्क्रीममधला अस्सल व्हॅनिला म्हणजे ऑर्किडच्याच वेलीची शेंग. आणि हो, माश्यांना बोलावण्यासाठी सडक्या मांसासारखी घाण मारणारे काही बल्बोफायलमही याच खानदानातले. ते गॅलरीत नकोत, शेजारी सोसायटीत तक्रार करतील.

मुळात हा सगळा परफ्यूम आपल्यासाठी नाहीच. तो परागीभवन करणाऱ्या किड्यांसाठी आहे आणि म्हणूनच त्याला टायमिंग आहे. मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांब मधुनळी पाहून चार्ल्स डार्विननं 1862 मध्ये लिहिलं, की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असणारच. तो असल्याची नोंद 1903 मध्ये झाली, तेव्हा डार्विन जाऊन 21 वर्षं झाली होती. पतंग रात्रीचा, म्हणून त्या फुलाचा घमघमाटही रात्रीचाच.

आपल्यासारख्या नोकरदारांसाठी खरी गोम इथेच आहे. ठाण्याहून सकाळची लोकल पकडायची, रात्री नऊला घरी यायचं. अशा माणसानं दिवसपाळीचा ऑर्किड घेतला, तर सुगंध कबुतरांनाच! फॅलेनॉप्सिस बेलिना ही वासाची जात उजेडात दरवळते. ऑन्सिडियम शॅरी बेबी, म्हणजे चक्क चॉकलेटचा वास येणारं, माझ्याकडे सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान रंगात येतं. त्यामुळे त्याची भेट फक्त रविवारी. हिवाळ्यात फुलणारं ऱ्हिंकोस्टायलिस जायगँटियाही दिवसाचंच. घरून काम करणाऱ्यांची मात्र यात मजा आहे.

ऑफिसवाल्यांनी सरळ ब्रासावोला नोडोसा घ्यावं. मूळ मध्य अमेरिकेकडचं, आपल्या दमट उकाड्यात खूश. पांढरी फुलं दिवसभर मख्ख बसतात आणि अंधार पडला की लिंबासारखा गोडसर वास सोडतात. थोडक्यात, ऑर्किड्समधली रातराणी.

झाड योग्य घेतलं तरी वास येत नाही, अशी तक्रार असते. कळी उमलली की लगेच नाक लावू नका, एक-दोन दिवस द्या. सुगंधाची तेलं हवेत उडायला ऊब लागते, तेव्हा एसीच्या गारठ्यात फूल गप्प राहतं. पंख्याखाली ठेवलं तर आहे तोही वास पांगतो. झाडाला पुरेसा उजेड मिळाला नसेल, तर सुगंध बनवायला भांडवलच नाही. सकाळचं ऊन बेस्ट. कुंडीत माती अजिबात नको. कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, पाणी झरझर निघून जायला हवं. पाणी सकाळी, आणि फुलांवर फवारा नको, डाग पडतात. परागीभवन झालं, तर मात्र फूल दुकान बंद करतं. काम झालं ना!

आणि नाकाचं काय? तेही थकतं. पाच मिनिटं हुंगत बसलात की काही जाणवेनासं होतं, जरा बाहेर फिरून या.

माझ्या आईचं नाक तर 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनात, साफ बंद पडलं. फोडणी करपली तरी तिला कळायचं नाही. गजऱ्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या बाईनं मोगरा आणणंच सोडलं. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायला सांगितलं. ती ते नेमानं करायची, वैतागून. पुढच्या वर्षी मी ब्रासावोला आणलं, तेव्हा रात्री जेवणं झाली की ती त्याच्यापाशी खुर्ची टाकून बसायची. बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा म्हणाली, "अगं, लिंबू कापलंयस का?" आजही तिचं काही खरं नसतं. एखाद्या रात्री येतो वास, एखाद्या रात्री नाही. शॅरी बेबीचं चॉकलेट तर तिला अजून लागलेलंच नाही.

घ्यायचंच असेल तर झाड फुलावर असतानाच घ्या आणि वास कधी येतो ते नर्सरीवाल्याला विचारा. दिवसपाळीवालं असेल तर दुपारी जाऊन स्वतः हुंगून बघा. सह्याद्रीत मे-जूनमध्ये झाडाच्या खोडावर सीतेची वेणी लोंबताना दिसली, तर ट्रेकला गेलेल्यांनी फोटो काढावा आणि पुढे चालावं. ओरबाडून आणलेलं झाड गॅलरीत सहसा जगत नाही. नर्सरीत वाढवलेली रोपं मिळतात की!