संगणकाचा पडदा का थरथरतो?

पालघर जिल्ह्यातील कुंभवली हे गाव बोईसरजवळ, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहे. थोड्याच अंतरावर समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली तेथे भारतातील पहिली अणुवीज तयार होऊ लागली. कारखाने, रोहित्रे, मोटारी आणि विजेच्या वाहिन्या यांची येथे दाटी आहे.

अशा परिसरातल्या एखाद्या खोलीत जुना, पाठीमागे पोट असलेला संगणक ठेवला आहे असे समजा. पडद्यावरची अक्षरे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलत आहेत. एक म्हणतो, “मुलाला चष्मा लागला.” दुसरा म्हणतो, “यंत्र बिघडले, भंगारात द्या.” तिसरा म्हणतो, “संगणकात विषाणू शिरला.” या तिघांचेही म्हणणे चूक असू शकेल. डोळे चांगले, यंत्र धडधाकट आणि तरी पडदा थरथरतो, हे कसे घडते ते पाहू या.

जुन्या पडद्याचे हृदय म्हणजे चित्रनलिका. जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांनी १८९७ साली तिचा पहिला नमुना तयार केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक पूर्ण झाला, त्यालाही अशाच नळीचा पडदा जोडलेला होता. या निर्वात नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि समोरच्या काचेवरील लेपावर आदळतो. जेथे आदळतो तेथे ठिपका उजळतो. नळीच्या मानेभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि त्याच्या जोरावर झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवतात. पाटीवर ओळीमागून ओळ लिहावी तसे हे चित्र लिहिले जाते. एका सेकंदात ते ६० वेळा पुन्हा लिहिले जात असेल, तर पडद्याची वारंवारता ६० हर्ट्झ आहे असे म्हणतात.

आता मुख्य मुद्दा आला. झोत चुंबकाने वळतो. मग चुंबक आपण मुद्दाम लावलेला असो की परका, झोताला त्यातला फरक कळत नाही!

थोडे गणित करू. रंगीत नळीत इलेक्ट्रॉनांना सुमारे २५,००० व्होल्टचा दाब मिळतो आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ९०,००० किलोमीटर होतो. तरीही पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला, आडवे लागले तर ३० सेंटिमीटरच्या वाटेत झोत तीन-साडेतीन मिलिमीटर सरकतो. परंतु हे क्षेत्र स्थिर असते. त्यामुळे चित्र थोडे बाजूला जाईल, पण थरथरणार नाही. आपल्या विजेच्या तारांभोवतीचे क्षेत्र मात्र स्थिर नसते. प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणून क्षेत्रही तितक्याच वेळा उलटसुलट होते. असे ३ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र झोताला पाव मिलिमीटर इकडे आणि पाव मिलिमीटर तिकडे हलवील. पडद्यावरील दोन ठिपक्यांमधले अंतरही जवळजवळ एवढेच असते. मग अक्षराची कड हलली तर नवल काय?

पण येथे एक शंका येते. सेकंदाला ५० वेळा होणारी हालचाल डोळ्यांना वेगळी दिसू नये. मग थरथर का दिसते? याचे उत्तर एका साध्या वजाबाकीत आहे.

झोक्यावर बसलेल्या मुलाचे छायाचित्र झोक्याच्या प्रत्येक पूर्ण हेलकाव्याला एक, असे काढत गेलो तर प्रत्येक चित्रात मूल एकाच जागी दिसेल. छायाचित्रे थोडी लवकर लवकर काढली, तर ते दर चित्रात थोडे मागे सरकलेले दिसेल. तारांचे क्षेत्र म्हणजे हा झोका आणि पडद्यावर लिहिले जाणारे प्रत्येक चित्र म्हणजे एक छायाचित्र. पडदा ६० हर्ट्झचा आणि वीज ५० हर्ट्झची असेल, तर ६० वजा ५० म्हणजे १०. ओळी सेकंदाला १० वेळा डुलतात, आणि हे डुलणे डोळ्यांना चांगलेच जाणवते.

पडद्याची वारंवारता ८५ केली तर? वजाबाकी ३५ येते. इतकी जलद हालचाल डोळ्यांना सुटी दिसत नाही, सगळ्या जागा एकमेकींत मिसळतात. थरथर नाहीशी झाली असे वाटते, पण अक्षरे धूसर दिसू लागतात. म्हणजे थरथर आणि धूसरपणा ही एकाच रोगाची दोन लक्षणे असू शकतात. वारंवारता बदलल्याने लक्षण बदलते, रोग जात नाही.

याच वजाबाकीने आणखी एक कोडे सुटते. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. आपल्याकडील त्या पद्धतीत पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्राच्या ओळी फिरत असत. ५० वजा ५० म्हणजे शून्य! पण विजेची वारंवारता नेमकी ५० राहत नाही. ती ४९.९५ असेल तर फरक ०.०५ येतो. म्हणून जुन्या दूरदर्शन संचावर विजेचा उपद्रव होई तेव्हा एखादा आडवा पट्टा वीस-वीस सेकंद घेत सावकाश सरकताना दिसे.

मग कुंभवलीतला गुन्हेगार कोण? आपले लक्ष आधी आकाशात टांगलेल्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांकडे जाते. परंतु चुंबकीय क्षेत्र दाबावर नव्हे, प्रवाहावर अवलंबून असते. १,००० किलोवॉट वीज ३३,००० व्होल्टच्या त्रिकला वाहिनीने न्यायची तर प्रत्येक तारेत सुमारे १७.५ अँपिअर प्रवाह पुरतो. तीच वीज ४१५ व्होल्टने न्यायची तर सुमारे १,४०० अँपिअर लागतात! म्हणून दूरच्या उंच मनोऱ्यापेक्षा भिंतीपलीकडचे रोहित्र, विजेचा मोठा फलक, पंपाची मोटर किंवा टेबलाखालचा व्होल्टेज स्थिरक यांच्यावर आधी संशय घ्यावा. शेजारी ठेवलेला दुसरा जुना पडदाही उपद्रव देतो, कारण त्याच्या वेटोळ्यांचे क्षेत्र बाहेर झिरपते. विटांची भिंत या क्षेत्राला मुळीच अडवीत नाही.

अडवते ते अंतर. रोहित्रासारख्या वस्तूपासूनचे अंतर दुप्पट केले की तिचे क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येते. थोडक्यात, टेबल दोन मीटर सरकवणे हे नवा पडदा घेण्यापेक्षा चांगले औषध ठरू शकते.

तारांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाणारी आणि परतणारी तार शेजारी-शेजारी असतील तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी खोडतात. परतीचा प्रवाह चुकीच्या जोडणीमुळे भलत्याच वाटेने, उदाहरणार्थ जमिनीच्या तारेतून, जाऊ लागला तर ही खोडाखोड होत नाही. आसपास मोठे यंत्र नसताना खोलीभर पडदा थरथरत असेल, तर तो सदोष तारजोडणीचा इशाराही असू शकतो. अशा वेळी जाणकार वीजतंत्र्याला बोलवावे, कारण तेथे प्रश्न सुरक्षिततेचा असतो.

आता निदान कसे करायचे ते पाहू. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. पडदा जागेवरच काटकोनात वळवा. थरथरीचे स्वरूप बदलले तर कारण बाहेरचे आहे. पडदा दोन मीटर दूर न्या. मग पंखा, स्थिरक, शेजारचा पडदा एकेक करून बंद करा. मोटर चालू असतानाच थरथर होते का, याच्या वेळा टिपून ठेवा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर पडदा सुधारेल, पण कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही.

आजचे सपाट पडदे या उपद्रवातून सुटले आहेत. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोतच नाही, त्यामुळे चुंबकाला वळवायला काही उरले नाही. तरी तेही धूसर होतात. कारणे मात्र वेगळी. सपाट पडद्यावरील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, समजा १,३६६ उभ्या रांगा. संगणकाने १,०२४ रांगांचे चित्र पाठवून ते पूर्ण रुंदीवर ताणले, तर चित्राच्या एका रांगेच्या वाट्याला सुमारे १.३३ रांगा येतात. ठिपक्याचा तिसरा भाग कसा उजळणार? पडदा शेजारच्या छटा मिसळून वेळ मारून नेतो आणि ‘क्ष’, ‘ळ’, अनुस्वार पुसट होतात. संगणकाच्या मांडणीत पडद्याची मूळ ठिपकेसंख्या निवडली की अक्षरे पुन्हा रेखीव होतात.

जुन्या, निळ्या टोकाच्या व्हीजीए तारेने जोडणी असेल, तर अक्षरांच्या कडा चुळबुळतात. तारेचे दोन्ही स्क्रू घट्ट करा आणि पडद्यावरील ‘ऑटो’ बटन दाबा. तरीही फरक पडला नाही तर दुसरी तार लावून पाहा. शेवटी डोळ्यांची परीक्षा घ्या. त्याच अंतरावर छापील पुस्तक धरा. पुस्तकही पुसट दिसले तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. पुस्तक स्पष्ट आणि पडदा पुसट दिसला, आणि तोच पडदा मित्रांनाही तसाच दिसला, तर दोष पडद्याकडे शोधा.

एक सक्त सूचना. जुन्या पडद्याचे खोके कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो, आणि निर्वात नळी फुटली तर काचा जोरात उडतात. त्या काचेत शिसेही असते. म्हणून निरुपयोगी पडदा उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा. रंगीत नळीजवळ लोहचुंबक नेण्याचा मोहही टाळा. आतल्या जाळीत चुंबकत्व राहून रंगांचे डाग पडतात.

वजाबाकीचा प्रयोग करायचाच असेल तर फिरत्या पंख्याकडे मोबाइलचा कॅमेरा रोखा आणि पंख्याचा वेग पायरीपायरीने बदला. एखाद्या वेगाला पाती जवळजवळ थांबलेली, तर एखाद्या वेगाला उलटी फिरताना दिसतील. पाती थांबलेली दिसतात तेव्हा पंखा आणि कॅमेरा यांच्या वेगांत काय नाते असेल? पंख्याला तीन पाती आहेत हे विसरू नका, आणि उत्तर कागदावर मांडून वर्गात चर्चेला घ्या.