स्पीकर महागडे, तरी गाडीत आवाज का फाटतो?

गाडीत नवा सेट बसतो. दारांत साडेसहा इंची स्पीकर, डॅशबोर्डवर ट्विटर, डिकीत सबवूफर. पहिले दोन दिवस मजेत जातात. मग एकदा व्हॉल्यूम वाढवला की दारं खडखडतात, गायकाचा आवाज फाटतो. शिव्या बसतात स्पीकरला. पण बऱ्याचदा दोष क्रॉसओव्हरच्या सेटिंगचा असतो.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हे सगळं एकच स्पीकर नीट वाजवू शकत नाही. म्हणून वाटणी होते. झांजांची किणकिण ट्विटरला, गाण्याचे शब्द दारातल्या स्पीकरला, ढोलाचा दणका सबवूफरला. ही वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. त्यातला 'हाय पास' ठरलेल्या आकड्याच्या वरचं जाऊ देतो, 'लो पास' खालचं.

हा आकडा किती ठेवायचा? दार आणि सबवूफर यांच्यामध्ये बहुतेक जण ८० हर्ट्झपासून सुरुवात करतात. तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा आवाज काढायचा, तर स्पीकरचा पडदा चौपट हलावा लागतो. म्हणजे ८० वरून ४० हर्ट्झला आलं की चौपट, २० ला सोळापट! दारातला स्पीकर तिथेच हात टेकतो.

पण फक्त आकडा लावून भागत नाही. क्रॉसओव्हर सुरीसारखं कापत नाही, त्याला घाटासारखा उतार असतो. तो मोजतात डेसिबल प्रति सप्तक असा. ८० हर्ट्झचा हाय पास १२ डेसिबलवर असेल, तर ४० हर्ट्झला सुमारे सोळावा हिस्सा पॉवर पोचते. २४ वर केला, तर सुमारे अडीचशेवा हिस्सा.

ट्विटरच्या बाबतीत हा उतार फारच महत्त्वाचा. स्वस्त ट्विटरच्या वायरला बऱ्याचदा एकच कपॅसिटर असतो, म्हणजे उतार जेमतेम ६ डेसिबल. खालचा बराच आवाज आत शिरतो आणि जोरात वाजवलं की नाजूक कॉइल जळते. साधारण ३,००० हर्ट्झ आणि किमान १२ डेसिबल ही त्यातल्या त्यात सुरक्षित सुरुवात. कंपनीने कागदावर आकडा दिला असेल, तर अर्थात तोच धरायचा.

१२ डेसिबलच्या उताराची एक गंमत आहे. जिथे दोन स्पीकरची हद्द मिळते, तिथे दोघं उलट्या दिशेने हलतात. एक पुढे, एक मागे. मग बेस वाढायच्या ऐवजी गायब! अशा वेळी सबवूफरच्या प्लस-मायनस वायरी उलटून बघतात. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या सीटवर बेस जास्त भरीव लागतो, ती ठेवायची.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दुहेरी फिल्टरने. स्टीरिओमध्येही ८० आणि ॲम्पवरही ८०, दोन्ही चालू. मग १२ अधिक १२ असा २४ चा उतार होतो आणि मालकाला पत्ताच नसतो. स्टीरिओतला वापरायचा असेल, तर ॲम्पवरचं बटण 'फुल' किंवा 'ऑफ'ला न्यायचं.

आणि दणका पाठीमागून, थेट डिकीतून येतोय असं जाणवलं, तर सबवूफरचा लो पास १२० च्या आसपास राहिलाय का ते आधी बघायचं. खोल बेस कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, १०० हर्ट्झच्या वर मात्र कळायला लागतं. लो पास ७०-८० वर आणला की तोच ढोल समोरून वाजल्यासारखा वाटतो.