घासणी, पारदर्शक लेपांतील

लाकडी वस्तूवरील लाखेचे पॉलिश, व्हार्निश, लॅकर इत्यादी पारदर्शक लेपांचा एक थर वाळल्यावर व पुढील थर देण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग बारीक अपघर्षकाने हलकेच घासण्याची क्रिया. कारागीर थरास ‘हात’ म्हणतात. अपारदर्शक रंगाखाली लहानसहान दोष झाकले जातात; पारदर्शक लेपाखाली ते कायम दिसत राहतात. म्हणून येथे घासणीस विशेष महत्त्व आहे.

प्रयोजन : पहिल्या थरातील द्रव शोषून लाकडाचे सैल तंतू उभे राहतात व तसेच कडक होतात. ओल्या थरावर धूळही बसते. यामुळे येणारा खरखरीतपणा घासणीने जातो. थरांची परस्पर पकड वाढविणे हे दुसरे प्रयोजन होय. मात्र ते लेपाच्या प्रकारावर अवलंबून असते. लाख स्पिरिटमध्ये व नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरमध्ये वाळल्यानंतरही विरघळतात. त्यामुळे नवा थर जुन्याशी एकजीव होतो व घासणी सपाटीपुरतीच लागते. मिरज (जि. सांगली) येथील सतारी व तंबोरे यांवर बोळ्याने चढविण्यात येणारे लाखेचे पॉलिश या प्रकारात मोडते. तेथील या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याउलट तैल व्हार्निश हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून, तर पॉलियुरेथेन रासायनिक विक्रियेने घट्ट होते; पूर्ण घट्ट झाल्यावर ते आपल्या द्रावकात विरघळत नाही. तेथे नवा थर मुख्यतः घासणीच्या सूक्ष्म ओरखड्यांना धरून राहतो. घासणी टाळल्यास तो पुढे पापुद्र्यासारखा सुटू शकतो.

कृती : उघड्या लाकडास साधारणतः १२० ते २२० क्रमांकांचा, तर दोन थरांमध्ये ३२० ते ४०० क्रमांकांचा कागद वापरतात, क्रमांक वाढतो तसे कण बारीक होतात. सपाट भागावर कागद बुचाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवितात. कडांवर लेप पातळ असतो. तेथे जास्त घासल्यास खालचा रंग निघून फिकट पट्टा उमटतो व वरून कितीही थर दिले तरी तो लपत नाही. म्हणून कडांवरून कागद ठोकळ्याविना एकदोनदाच फिरवितात. चकाकी जाऊन पृष्ठभाग सर्वत्र सारखा मंद दिसू लागला की घासणी पुरी झाली असे समजतात. नंतर भुकटी पूर्णपणे पुसून घेतात.

दक्षता : थर वाळला असल्यास कोरडी, पांढरी भुकटी निघते, कागदावर चिकट गोळ्या जमल्यास थांबणे इष्ट. पावसाळी दमट हवेत तैल व्हार्निश उशिरा वाळते व लाखेचा थर पांढुरका पडतो. पाण्याच्या माध्यमातील लेपांवर पोलादी लोकर वापरू नये. तिचे अडकलेले तंतू गंजून डाग पडतात. भुकटी श्वासावाटे शरीरात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.