सुजेचे नाव सापडेपर्यंत



खोडव्याची पाने पिवळी पडली की आपण डोळे झाकून युरियाचे पोते फोडत नाही. पाणी साचले का, लोह कमी पडले का, मुळाला हुमणी लागली का, हे आधी बघतो. कारण वेगळे तसा इलाज वेगळा. अंगावर सूज आली की मात्र हे शहाणपण आपण बांधावरच ठेवून येतो. "वात झालाय, एक सुई मारून घे, म्हणजे सुटलं!" झाला इलाज.

२००६ साली मराठवाड्यातल्या गावागावांनी अशी सूज पाहिली. अचानक फणफणून ताप, आणि मागोमाग घोटे, गुडघे, मनगटे अशी धरली की धडधाकट गड्याला तांब्या उचलवेना. तो चिकुनगुन्या होता. या नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही. टांझानियातील माकोंडे लोकांच्या बोलीतला हा शब्द असून सांधे दुखून माणूस वाकतो असा त्याचा अर्थ आहे. त्या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. कर्नाटक व महाराष्ट्र त्यात पुढे होते. हा रोग आपल्याकडे नवाही नव्हता. १९७३ साली शेजारच्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत लोक नावही विसरले.

हा ताप पसरवणारा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. लातूरकरांना पाणी साठवण्याचे कारण सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलो नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर बाई पिंप, हौद, रांजण भरणारच. पण अंड्यापासून डास व्हायलाही आठ-दहा दिवसच लागतात. म्हणून भांडी झाकून ठेवावीत, आणि आठवड्यातून एक दिवस रिकामी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटून राहतात.

तरीही प्रत्येक सूज चिकुनगुन्याची नसते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. शंभरातील सुमारे अठरा प्रौढांना हाडा-सांध्यांचे दुखणे आढळले आणि त्यांतील बऱ्याच जणांचे दुखणे एका ठराविक नावात बसेना. तेव्हा "डॉक्टरला काय सापडंना" असे आपल्या घरी घडले, तर ते जगावेगळे नाही.

पहिली गोष्ट, सूज सांध्याची की पाण्याची ते बघा. घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साठते आहे. त्याचे मूळ मूत्रपिंडात, हृदयात, यकृतात किंवा रक्त कमी असण्यात असू शकते. सकाळी डोळ्यांखाली सूज व लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी आधी करावी. एकच पाय हळूहळू जाड होत असेल तर हत्तीरोगाची शंका धरावी. त्या रोगाच्या सरकारी यादीत नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांची नावे राहिलेली आहेत. याउलट सांधाच गरम, फुगलेला, आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटे मिटत नसतील, तर संधिवाताची तपासणी हवी. पायाचा अंगठा रात्रीतून लालभडक होऊन ठणकला तर युरिक अॅसिड बघावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुखणे दाबणाऱ्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला मीठ व पाणी धरून ठेवायला लावतात. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पायावर सूज आणते, आणि त्या सुजेसाठी माणूस आणखी एक गोळी मागतो! बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत माणूस चालू लागतो, पण तोंड सुजते, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नये. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करावी. तापासोबत सांधे धरले असतील तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलवरच भागवावे.

नाव सापडेपर्यंत काय करावे? रोज सकाळी परसाकडून आल्यावर एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे असे समजावे. कोणता सांधा, कधी सुजला, कोणती गोळी घेतली, तेही लिहावे. गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत ठेवावीत. पापड, लोणचे, वरचे मीठ बंद. दिवसाकाठी चहाच्या एका लहान चमच्याहून जास्त मीठ पोटात जाऊ नये. बसताना पाय उंच ठेवावेत. ताप उतरला की सांधे थोडे थोडे हलवत राहावे, खाटेला खिळू नये.

दम लागणे, आडवे झाले की श्वास अडकणे, लघवी कमी होणे, एकच पोटरी अचानक सुजून दुखणे, किंवा तापासह एकच सांधा लाल होऊन हलेनासा होणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साध्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

एक विनंती घरच्या मंडळींना. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही. चिकुनगुन्याची रक्तातील खूण पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा दिसत नाही, आणि संधिवात असूनही रक्ततपासणी काही जणांत निर्दोष येते. "सोंग करतीया" असे म्हटले की सून मुकाट्याने चुलीपुढे बसते, आणि वर्षभराने तिची बोटे वाकडी होतात. वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत, पण वेळेत नाव सापडले तर ती वाकण्यापासून वाचवता येतात.

गळीत हंगामात तोडीची तारीख चुकेल म्हणून कोणी दुखणे अंगावर काढतो. ऊस चार दिवस उभा राहिला तर वजनात थोडी घट येईल. मूत्रपिंडाला मात्र खोडवा फुटत नाही, एवढे सभासदांनी ध्यानात ठेवावे.