बाळाची शिदोरी आणि तीन दारं

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची लेक बाळंतपणासाठी सोलापूरला आली होती. बाळ आठ महिन्यांचं झालं, युरोपात जावयांकडे परत जायची तारीख ठरली आणि आमच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. नाचणी भिजली, तिला मोड आले, ती वाळली, हलकी भाजली आणि दळून वस्त्रगाळ झाली. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून खिमटासाठी भरड काढली. लोणी कढवून तूप झालं. गुटीची औषधं मऊ कापडात बांधली गेली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होतीच, पण ती थोरांसाठी.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आम्ही मुंबईपर्यंत सोडायला गेलो. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. "आई, तूप काढून घेतलं. पिठाचे डबे उघडून पाहिले, चार प्रश्न विचारले आणि परत दिले. विकतच्या दूध पावडरचा डबा मात्र नुसता उचलून खाली ठेवला."

आमच्या सौभाग्यवतींनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "अहो, घरचं चालत नाही आणि कारखान्यातलं चालतं, हा कुठला न्याय?"

मी कुठल्या विद्यापीठाचा संशोधक नाही. आयुष्य कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलं. पण प्रश्न पडला की तो कागदावर उतरवून त्याच्या मागे लागायची खोड आहे. या प्रश्नामागे मी दोन वर्षं होतो. निरनिराळ्या देशांचे नियम वाचले, त्यांची कारणं शोधली. हाती आलं ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आज सोलापूरच्या पेठेपेठेत नातवंडं परदेशी असलेली घरं आहेत आणि प्रत्येक घरात हाच डबा भरला जातो.

पहारेकरी बदलला

तान्हं किंवा लहान मूल घेऊन समुद्रापार जाणारी मराठी बाई ही काही आजची गोष्ट नाही. 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. त्या प्रवासाची हकिकत 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. सुएझच्या कालव्यातून जाणारा तो कित्येक आठवड्यांचा जलप्रवास. रमाबाई शाकाहारी होत्या आणि इंग्लंडात राहूनही त्यांनी ते सोडलं नाही.

त्या काळी परदेशी खाण्यापिण्याची झडती होत असे ती परतल्यावर, आपल्याच दारात. काय खाल्लं, कोणाच्या हातचं खाल्लं, असे प्रश्न जात विचारी आणि प्रायश्चित्त सांगे. आज झडती होते ती पोचल्यावर, परक्या दारात. तेव्हा शंका हाताबद्दल होती, आज ती डब्याबद्दल आहे. पहारेकरी बदलला, पण प्रवाशाच्या अन्नाकडे संशयाने बघायची रीत जुनीच आहे.

शिदोरीचं शास्त्र

नियमांकडे वळण्याआधी आपल्या डब्यात काय असतं ते नीट पाहू. प्रवासाच्या आपल्या खाण्याचं सूत्र एकच आहे: पाणी काढून टाका. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते ती त्यामुळेच. ओलावा नसला की बुरशीला आणि जंतूंना वाढता येत नाही.

नाचणीच्या सत्त्वात याहून अधिक काही आहे. साधं पीठ पाण्यात शिजवलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि खळीसारखा घट्ट होतो. बाळाचं पोट मुठीएवढं. घट्ट लापशी त्याला गिळवत नाही. पाणी घालून पातळ करावी तर ताकद उणावते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं आणि ते स्टार्चचे लांब धागे तोडतं. त्यामुळे तेवढ्याच पातळ लापशीत जास्त पीठ मावतं. मोड आलेलं धान्य करपवायचं नाही, हलकंच भाजायचं, असं म्हाताऱ्या बायका सांगतात त्याचं कारण हेच: जास्त आचेने ते द्रव्य मरतं.

म्हणजे आमच्या घरचा डबा अडाणी नव्हता. मग तो अडला कुठे? याचं उत्तर असं की परदेशी जाताना एक नव्हे, तीन दारं लागतात. तिन्ही दारांवर वेगळे पहारेकरी असतात आणि त्यांचे प्रश्नही वेगळे असतात. आपण तिघांनाही 'विमानतळवाले' म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिलं दार: हे पातळ आहे का?

हे दार सुरक्षेचं. ते निघतानाच लागतं. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला. तिथे काही काळ हातातल्या सामानात द्रव पदार्थ नेण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. बाळाच्या दुधाला तेवढी सूट होती, पण आईबापांनी ते अधिकाऱ्यांसमोर चाखून दाखवायचं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युरोपात 100 मिलिलिटरचा नियम आला आणि मग तो जगभर पसरला. नवे स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांवर आता तो सैल होतो आहे.

या दाराला तूप, चटणी, लोणचं हे सगळं पातळच. मात्र बाळ सोबत असेल तर त्याचं दूध, पाणी आणि मऊ खाणं प्रवासापुरतं 100 मिलिलिटरहून जास्त नेता येतं. ते वेगळं काढून, आधी सांगून दाखवायचं.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2018 पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानातली 350 मिलिलिटरहून जास्त पूड अडवली जाऊ शकते. बाळाच्या दूध पावडरीला यातून सूट आहे. घरच्या सत्त्वावर मात्र ते काय आहे हे लिहिलेलं नसतं. म्हणून सत्त्वाचा मोठा डबा खालच्या सामानात टाकावा आणि प्रवासापुरतं तेवढं हातात ठेवावं.

बाळंतिणीच्या लाडवांसाठी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालणाऱ्यांनीही जपावं. तेलकट सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं.

दुसरं दार: हे कुठल्या जनावराचं, कुठल्या शेतातलं?

हे दार उतरल्यावर लागतं. आमचं तूप इथे अडलं. इथल्या माणसाला स्फोटकांशी कर्तव्य नसतं. त्याला भीती असते रोगाची आणि किडीची. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग गावोगाव ठाऊक आहे. ज्या देशांतून तो हटवला गेला आहे तिथे तो परत येणं म्हणजे आकांत. 2001 साली ब्रिटनमध्ये ही साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. म्हणून युरोपीय संघ बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ आणू देत नाही. तूप हेही दुधाचंच.

याला एक अपवाद आहे. बाळाची दूध पावडर आणि बाळाचं तयार खाणं माणशी दोन किलोपर्यंत नेता येतं. अट अशी की ते उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं नसावं, कंपनीचं बंद पाकीट असावं, आणि फोडलेलं असेल तर ते सध्या वापरात असावं. लेकीचा दूध पावडरचा डबा नुसता उचलून खाली ठेवला गेला तो या नियमामुळे.

अमेरिकेच्या दारात गाठ पडते ती एका किड्याशी. त्याचं नाव इंग्रजी कायद्यातही 'खाप्रा'च आहे, आणि त्या नावात आपलं खापर ऐकू येतं. मूळचा तो आपल्या उपखंडातला. त्याच्या अळ्या भेगांत दडून बसतात आणि वर्षानुवर्षं उपाशी जगू शकतात. साठवलेल्या धान्याचा हा मोठा शत्रू. तो जिथे आहे अशा देशांतून प्रवाशाला सामानात तांदूळ आणता येत नाही, मग तो बाळाच्या पेजेसाठी का असेना. ऑस्ट्रेलियात तर खाण्याचा प्रत्येक पदार्थ कार्डावर लिहून जाहीर करावा लागतो. न लिहिणं हाच गुन्हा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीबद्दल दंड होतो.

तिसरं दार: हे औषध की अमली पदार्थ?

या दाराची कल्पना आपल्याकडे सर्वांत कमी आहे. खसखस ही अफूच्या बोंडातली. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती नेण्यास बंदी आहे. सौदी अरेबियात जायफळही चालत नाही. आपल्याला या गोष्टी मसाल्याच्या वाटतात, तिथे त्या अमली पदार्थांच्या रांगेत बसतात. या दारावर बाळाच्या नावाने कसलीही सूट मिळत नाही.

हे कायदे ऐकून रागावण्याआधी आपलाही इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची 'बाळागोळी' देत, म्हणजे ते निजून राही. त्यामागे निर्दयपणा नव्हता. बाळ ठेवायला जागा नव्हती. पण त्यातून मुलं दगावत, आणि ती गोळी पुढे बंद पडली ती बरीच वर्षं ओरड झाल्यावर.

गुटीतल्या वेखंडाचंही तसंच. त्यातल्या एका घटकाच्या घातक परिणामांमुळे अमेरिकेने 1968 साली ते खाद्यपदार्थांत वापरायला मनाई केली. गुटी चाटवताना बोटावर घेतला जाणारा मधही एक वर्षाच्या आत देऊ नये असं आज डॉक्टर सांगतात, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांना तोंड द्यायची ताकद बाळाच्या आतड्यात आलेली नसते. हे वाचल्यावर मी गुटीचं गाठोडं घरीच ठेवायला सांगितलं. घरात दोन दिवस अबोला होता.

मग न्याय कुठला?

आता सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे. घरचं अडतं आणि कारखान्यातलं जातं, कारण परक्या दारात हात बोलत नाही, कागद बोलतो. बंद पाकिटावर काय घातलं, कुठे केलं, कधी केलं हे लिहिलेलं असतं. काही बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळतं. आमच्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. आईचा हात ही आमच्या घरात सर्वांत मोठी खात्री आहे, पण ती ओळखीच्या माणसांपुरती. हिशेबनीस म्हणून मला हे पटतं. पावतीशिवाय मीही कोणाची रक्कम मांडली नसती.

तरी एक गोष्ट खटकतेच. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दूध पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे, आईच्या दुधाला तिने मागे सारू नये म्हणून. पण सीमेवर त्याच डब्याला वाट मोकळी आणि घरच्या सत्त्वाला चार प्रश्न. कोणी ठरवून केलेलं नसलं तरी नवख्या आईच्या मनावर ठसतं ते हेच: बंद डबा खरा, घरचं संशयाचं. त्या दिवशी फोनवर लेकीच्या आवाजात मला तो संकोच ऐकू आला होता. तूप गेल्याचं मला काही वाटलं नाही, त्या संकोचाचं वाईट वाटलं.

तो डबाही काही निर्धोक नसतो. दूध पावडर निर्जंतुक नसते. ती निदान 70 अंश गरम पाण्यात कालवावी, निववून द्यावी आणि कालवल्यापासून दोन तासांत संपवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोलापूर ते मुंबई ही एक रात्रच तेवढ्यात चार वेळा ताजं दूध मागते. म्हणून कोरडी पावडर मोजून वेगवेगळ्या डब्यांत आणि गरम पाणी थर्मासमध्ये, हाच मार्ग. सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर मात्र यातलं काहीच लागत नाही. त्याच्या शिदोरीला तिन्ही दारांवर कोणी अडवत नाही.

गेल्या वर्षी लेक परत येऊन गेली. जाताना डब्यात तूप नव्हतं, तांदूळ नव्हते. दोन पाकिटं सत्त्व होतं, त्यावर तिच्या आईने ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: भाजलेलं नाचणीचं पीठ, दूध नाही, बी नाही, अमुक तारखेला केलं. बाकी वेळ दोघींनी ओट्यापाशी घालवला. किती वेळ भिजवायचं, मोड केवढा झाला की थांबायचं, भाजताना वास कसा बदलतो, हे सगळं लेकीने वहीत उतरवून घेतलं.

थंडीत तिचा फोटो आला. तिथल्या भारतीय दुकानातली नाचणी, पंचात बांधून खोली तापवायच्या यंत्राशेजारी टांगलेली. खाली एक ओळ होती: "आई, इथे मोड यायला तीन दिवस लागतात."

सौभाग्यवतींनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "गाठ सैल बांध म्हणावं. वारा लागला पाहिजे."