दशांशातला शेवटचा अंक

वैज्ञानिक सॉफ्टवेअरचं पॅकेज सांभाळायचं म्हणजे बहुतेक वेळ बिल्ड लॉग वाचायचा. सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार होताना यंत्राने काय काय केलं त्याची ही हजारो ओळींची नोंद. मी ती खालून वर वाचत जाते. बिल्ड अडलं हे शेवटच्या ओळींत कळतं. का अडलं ते त्याच्या बरंच वर, कुठल्याशा साध्या दिसणाऱ्या इशाऱ्यात दडलेलं असतं. नोकरीचं काम आटोपलं की संध्याकाळी पुण्यातल्या घरी बसून मी हे करते. त्याचे पैसे मिळत नाहीत. डेबियनचे मेंटेनर डेबियनकडून पगार घेत नाहीत.

इयान मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही. 9 ऑगस्ट 2025 रोजी आलेल्या तिच्या ‘ट्रिक्सी’ या आवृत्तीत 69,830 पॅकेजं आहेत. त्यातली वैज्ञानिक पॅकेजं बहुतांशी गटाने सांभाळली जातात. ‘डेबियन सायन्स’ आहे, खगोलशास्त्रासाठी ‘डेबियन अ‍ॅस्ट्रो’ आहे, आणि जीवशास्त्र-वैद्यकासाठी आंद्रेयास टिले यांनी 2002 साली सुरू केलेला ‘डेबियन मेड’ आहे. डीएनएचे तुकडे संदर्भ-जीनोमशी जुळवणारं बीडब्ल्यूए किंवा रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं ग्रोमॅक्स संशोधक एका कमांडने इन्स्टॉल करतात. ती कमांड चालावी म्हणून मूळ कोडला ‘डेबियन’ नावाचं एक फोल्डर जोडलेलं असतं. पॅकेजला आणखी काय काय लागतं, ते बिल्ड कसं करायचं, कुठल्या फाइलचा हक्क कुणाकडे, कधी काय बदललं, हे सगळं त्यात लिहायचं. नवी आवृत्ती आली की फोल्डर दुरुस्त करायचं, बिल्ड करायचं, टेस्ट चालवायच्या, डिजिटल सही करून अपलोड करायचं. एवढं काम सरावाने जमतं.

खरी परीक्षा अपलोडनंतर सुरू होते. ट्रिक्सी सात प्रकारच्या प्रोसेसरांवर चालते. घरातल्या लॅपटॉपचा एएमडी64 हा त्यातला फक्त एक. मोबाइलमध्ये असतात तसे आर्म आहेत, आयबीएमचे पॉवर आणि मेनफ्रेम आहेत, आणि या आवृत्तीत पहिल्यांदाच अधिकृतपणे दाखल झालेला रिस्क-फाइव्ह आहे. मूळ लेखकाने, म्हणजे आम्ही ज्याला अपस्ट्रीम म्हणतो त्याने, यातले बहुतेक प्रोसेसर कधी पाहिलेलेही नसतात. त्याचा कोड तिथे अडखळला की लॉग माझ्याकडे येतो.

एक नमुना मला वारंवार भेटतो. सी भाषेतला प्रोग्राम फाइलमधून एकेक अक्षर वाचतो आहे. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे एक परत देतं, आणि तो आकडा दिसला की थांबायचं. लेखकाने मात्र परत आलेली किंमत कॅरेक्टर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली असते. एएमडी64 वर या प्रकारात ऋण संख्या मावते. डेबियनच्या आर्मवर मावत नाही. तिथे उणे एकाचे 255 होतात, थांबायची खूण कधी दिसतच नाही, आणि प्रोग्राम फिरत राहतो. शेवटी बिल्ड करणारं यंत्र वेळ संपली म्हणून तो बंद करतं. वरवर पाहता हा आर्मपुरता प्रश्न वाटतो आणि ‘आमचे वापरकर्ते आर्मवर नाहीतच’ असं उत्तर अपस्ट्रीमकडून येऊ शकतं. पण तीच ओळ एएमडी64 च्या बाजूने वाचून पाहा. फाइलच्या मधोमध 255 किमतीची एखादी बाइट आली, तर तिथे तिचेच उणे एक होतात. प्रोग्राम फाइल संपली असं समजतो, अर्धाच डेटा घेऊन पुढे जातो आणि निर्विकारपणे उत्तर छापतो. कुठेही एरर नाही. चुकीचं उत्तर लॅपटॉपवरच मिळण्याची शक्यता होती. आर्मने ती उघड केली. म्हणून ‘हा प्रोसेसर कोण वापरतो’ हा प्रश्न मला पटत नाही.

मेनफ्रेमचा धडा वेगळा. तिथे संख्येतली मोठ्या मोलाची बाइट आधी ठेवतात, आपल्या लॅपटॉपवर शेवटी. खगोलशास्त्रातला फिट्स हा फाइल-प्रकार मेनफ्रेमसारखाच क्रम पाळतो, आणि खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणंही अभ्यासकांपर्यंत फिट्समध्ये पोचतात. त्यामुळे असली फाइल वाचणाऱ्या कोडला हा फरक मुळापासून ठाऊक असावा लागतो. तसा तो असतोही. नवख्या कोडमध्ये मात्र सातत्याने सुटतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आकडे जवळजवळ जुळतात तेव्हा. अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर तेरा-चौदा अंकांपर्यंत सारखं, पुढे वेगळं, टेस्ट नापास. कारण बहुधा हे असतं: गुणाकार करून त्यात बेरीज करायची तर डेबियनच्या एएमडी64 वर दोन पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीला उत्तर गोल केलं जातं. 64 बिटांच्या आर्मवर दोन्ही क्रिया एकाच सूचनेत होतात, गोल करणं एकदाच. म्हणजे नापास झालेलं उत्तर बरेचदा जास्त अचूक असतं! टेस्टमध्ये लिहिलेला आकडा लेखकाच्या लॅपटॉपवरून उचललेला असतो, इतकंच. अशा वेळी किती फरक चालेल त्याची मर्यादा थोडी वाढवायला हरकत नाही. पण तोच फरक चौथ्या-पाचव्या अंकापाशी दिसला तर मर्यादेला हात लावायचा नाही. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची कुठेतरी वजाबाकी होत असणार, आणि गोल करण्यातली क्षुल्लक तफावत त्यातून फुगत असणार. सदोष गणिताची ती खूण आहे. ‘टेस्ट वगळा’ असं लिहायला एक ओळ पुरते, आणि पॅकेज लगेच हिरवं होतं. वैज्ञानिक पॅकेजात ती ओळ कारण न देता लिहिणं मला गंभीर गोष्ट वाटते, कारण पुढे त्या आकड्यावर कुणाचा तरी प्रबंध उभा राहणार असतो.

आणि अपस्ट्रीम कायम जागेवर असेलच असं नाही. पीएचडीच्या काळात कोड लिहिला, पदवी मिळाली, माणूस दुसऱ्या कामाला लागला, ईमेलचा पत्ता बंद पडला. विज्ञानात हे नेहमीचं आहे. प्रोग्राम वापरात राहतो आणि कंपायलर बदलत जातो. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती 10 ने फोरट्रानमधल्या न जुळणाऱ्या आर्ग्युमेंट्सना एरर ठरवलं; जीसीसी 14 ने सी मध्ये न सांगता वापरलेल्या फंक्शन्सना. जुना, चालता कोड अशा प्रत्येक वेळी बिल्ड व्हायचा थांबतो, आणि आम्ही एकेक पॅच, म्हणजे कोडातली छोटी दुरुस्ती, रचत तो चालू ठेवतो.

पॅचची मला धास्तीही वाटते. 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीमध्ये एका तपासणी-साधनाचे इशारे थांबवण्यासाठी केलेल्या बदलाने यादृच्छिक संख्यांचा स्रोतच आटला. मे 2008 मध्ये ते उघड झालं तेव्हा मधल्या काळात अशा संख्यांपासून तयार झालेल्या असंख्य सांकेतिक किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. म्हणून अपस्ट्रीम जिवंत असेल तर प्रत्येक पॅच आधी तिकडे पाठवायचा, कारणासकट. ज्याला तो कोड मुळातून माहीत आहे त्याने पाहिल्याशिवाय गणिताची ओळ बदलणं मी टाळते.

परवान्यांचं काम रटाळ, पण टाळता न येणारं. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी अट असेल तर पॅकेज डेबियनच्या मुख्य विभागात बसत नाही. ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या गाजलेल्या पुस्तकातलं एखादं फंक्शन कोडमध्ये सापडलं तर तेही काढावं लागतं, कारण त्या कोडच्या मुक्त वितरणाला परवानगी नाही. संशोधकांनी ते वर्षानुवर्षं भाबडेपणाने उतरवून घेतलेलं आहे. तिथे मुक्त परवान्याची ग्नू सायंटिफिक लायब्ररी लावायची आणि उत्तरं पुन्हा ताडून पाहायची.

या कामात यायचं तर नवं पॅकेज आणण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. आधीच असलेल्या अनेक वैज्ञानिक पॅकेजांना इन्स्टॉल झाल्यावर चालणाऱ्या टेस्ट नाहीत. एखादी लायब्ररी बदलली की ही पॅकेजं बिघडली का, हे कुणाला कळत नाही. ज्या विषयात तुम्ही शिकलात त्यातलं असं एक पॅकेज निवडा. उत्तर हाताने काढता येईल असं छोटं उदाहरण घ्या, ते टेस्ट म्हणून लिहा, आणि किती फरक चालेल व का, हे शेजारच्या ओळीत नोंदवून गटाकडे पाठवा.