दोन ग्रॅमचा संसार

स्वयंपाकघरात चिचुंद्री दिसली की "उंदीर आला" म्हणून आपण झाडू घेऊन धावतो. आम्हीही कित्येक वर्षे धावलो. पण ती उंदीर नव्हे. ती धान्य कुरतडत नाही, झुरळे आणि किडे खाते.

तिचीच चुलत बहीण एट्रुस्कन चिचुंद्री ही वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी आहे. (लांबीचा हिशेब केला तर थायलंडमधले एक वटवाघूळ हा मान मागते.) हिचे वजन सुमारे १.८ ग्रॅम. ॲल्युमिनियमचे षटकोनी वीस पैशांचे नाणे आठवते? काउंटरवर आम्ही ती ढिगाने मोजली आहेत. ही त्याहून हलकी!

पक्ष्यांत हा मान क्यूबातल्या बी हमिंगबर्डचा. नर दोन ग्रॅमच्या आतबाहेर, मादी थोडी जड. अंडे कॉफीच्या बीएवढे. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत.

एक पालापाचोळ्यात, दुसरा हवेत. तरी दोघेही दोन ग्रॅमपाशीच का थांबले? पातेल्यातली आमटी बराच वेळ गरम राहते, वाटीतली लगेच निवते. शरीर जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि उष्णता निसटायला वाव जास्त. ती भरून काढायला सतत खावे लागते. ही चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खाते. मिशांच्या स्पर्शाने चाचपून जवळजवळ आपल्याएवढा रातकिडासुद्धा पकडते. तिचे हृदय मिनिटाला १५०० पर्यंत ठोके देते. आपले साधारण ७२.

हमिंगबर्डचे इंधन म्हणजे फुलांतला मध, जोडीला बारीक किडे. साखर लगेच ऊर्जा देते, आणि एका जागी तरंगत उडायचे तर ती लागतेच.

दोघांचेही खाते असे, की रोज भरायचे आणि रोज काढायचे. शिल्लक जवळपास नाहीच. मग रात्र कशी काढायची? हमिंगबर्डला अंधारात फुले मिळत नाहीत. तेव्हा या कुळातले पक्षी शरीराचे तापमान उतरवून, ठोके मंदावून निपचित पडतात. चिचुंद्री रात्रंदिवस थोडी शिकार, थोडी झोप असे करते. थंडी वाढली किंवा खायला मिळाले नाही तर तीही तशीच निपचित होते.

घरातल्या चिचुंद्रीला आम्ही आता मागचे दार उघडून वाट देतो. तिच्या वासाबद्दल घरच्यांची तक्रार आहेच.